हेल्गाबाईची भांडी

अंजनगाव सुर्जी
२० ऑक्टोबर २०२४

चि. रागिणीले आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र काल दुपारी पावलं. मी अंगणात झेंडूची फुलं निवडून राहिली होती. उत्तमराव पोस्टमननं फाटकापाशी उभं राहून पाकीट वर धरलं अन् झेंड्यासारखं हालवलं, कारण मले हाक ऐकू येत नाई हे साऱ्या गावाले माहीत हाये. बरं केलं तू कागदावर लिहिलं. फोन आला की तुही माय स्पीकर लावते, मंग मले अर्धं ऐकू येते अन् शेजारच्यायले पूर्ण. मी तिसरी शिकलेली बाई, पण साक्षरतेच्या वर्गात माह्यं अक्षर पाहून मास्तरीण म्हणाली होती, माणिकबाई, तुमी लिहीत जा. चाळीस वर्षांत कोणी लिहाजोगं दूर गेलंच नाई. तू गेली. बेस झालं.

पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हातातला चहा खाली ठेवला, दुसऱ्यांदा तो मोरीत ओतला, अन् तिसऱ्यांदा शेजारच्या पंचफुलाले बोलावून मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं तोंडाले पदर लावला अन् म्हणाली, "शी वो माय! अजून वाच."

म्हणजे मले नीट समजलं का पाह्य. कॉलेजनं तुले तिथं जर्मनीत ज्या हेल्गाबाईच्या घरी ठेवलं, ते एकाहत्तर वर्षांची हाये, नवरा वारला, घरात ते अन् तिचा कुत्रा. जेवण झालं की ते ताटल्या खाली ठेवते. कुत्रा चाटते. मंग त्याच ताटल्या मोरीत साबणाच्या फेसाच्या पाण्यात बुडवते, सगळ्यायच्या त्याच पाण्यात, कप बी त्यातच, अन् फेसासकट बाहेर काढून फडक्यानं पुसून मांडणीत ठेवते! वरून साधं पाणी नाई? एक लोटा बी नाई? अवं, म्हणजे आदल्या दिवसाचा साबण तू दुसऱ्या दिवशी वरणासंगं खाऊन राहिली. अन् कुत्र्याचं थुंक.

अन् शेंबूड! रुमालात शिंकरते, रुमाल बाहीत खोचते, अन् पुन्हा त्याच रुमालात शिंकरते, तेबी जेवतांनी. आमच्या गल्लीतला किसनराव एवढा घाणेरडा माणूस, पण तोबी उठून बाहेर जाते.

संडासाचं तू लिहिलं ते मी पंचफुलाले वाचून दाखवलं नाई. तेवढं आपल्या दोघींतच. बाटली भरून नेत जाय.

बापाले यातलं एक अक्षर सांगतलं नाई. शेखर पहिलेच म्हणून राहिला होता की अकोल्याचं कृषी कॉलेज काय वाईट होतं, पोरगी कायले एक वर्ष परक्याच्या घरी ठेवाची. त्याले कुत्र्याचं समजलं तर उद्याच्या विमानानं बोलावून घेईन. तुले ते रोपं कलम कराचं शिकाचं हाये ना? मंग शीक. पण त्या ताटलीत जेवू नको.

काय कराचं ते सांगते. बाई कुत्र्याले घेऊन फिराले जाते म्हणते ना सकाळी? तेवढ्यात सगळी भांडी काढ, खळखळ पाण्यानं धू, पुस, अन् होती तशी मांडून ठेव. तिले सांगू नको. उगा वाईट वाटीन.

झेंडूले यंदा भाव बरा हाये. सगळं लिही. काही गाळू नको.

तुही आजी


८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं आणि मी खूप दिवसांनी हसले. तू सांगितलं तसं रोज करून राहिले. हेल्गाबाई साडेसातला ब्रूनोला घेऊन निघतात, सव्वाआठला येतात. तेवढ्यात मी बारा ताटल्या, आठ कप, सगळे चमचे गरम पाण्याखाली धुते, पुसते आणि परत ठेवते. कप त्या कानाची बाजू उजवीकडे करून ठेवतात, मी पण तसेच ठेवते. आता जेवण जातं.

पण सगळंच जात नाही. मागच्या रविवारी त्यांनी नाश्त्याला खास मला आवडेल म्हणून पाव आणला. त्यावर गुलाबी काहीतरी थापलेलं आणि वर कच्चा कांदा. मला वाटलं बीटची चटणी आहे. एक घास खाल्ला. आजी, तो डुकराचा खिमा होता. कच्चा. शिजवलेला नाही, भाजलेला नाही, नुसता मीठ-मिरं घालून थापलेला. मी घास तोंडात तसाच धरून बाथरूमकडे पळाले. बाहेर आले तर हेल्गाबाईंनी माझा पाव उचलून स्वतः खाऊन टाकला. माझा उष्टा!

फ्रिजमध्ये एक चीज आहे, त्याला पावसाळ्यात आठ दिवस न वाळलेल्या मोज्यांचा वास येतो. त्या डोळे मिटून खातात. घरभर बुटानं फिरतात. बूट घालून पलंगावर आडव्या होतात.

कॉलेज मात्र छान आहे. काचेच्या घरात टोमॅटोची वीस-वीस फुटांची झाडं आहेत, मी वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधायला शिकले. माझ्या बारापैकी नऊ जगली. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवली.

एक विचारायचं होतं. इथल्या कपांना आतून चहाचे तपकिरी डाग आहेत, वर्षानुवर्षांचे. पाण्यानं जात नाहीत. त्या कपातून प्यायचं म्हटलं की मला आधी कोण कोण प्यालं असेल तेच दिसतं. तू काय करतेस?

तुझी,
रागिणी


अंजनगाव सुर्जी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीले अनेक आशीर्वाद.

कच्चा! मटण आपणबी खातो, पण विस्तव कायले दिला देवानं? तुह्यं पत्र आलं तवा मी जेवाले बसली होती. वाचलं अन् ताट सरकवून दिलं. मंग संध्याकाळी भूक लागली म्हणून पुन्हा जेवली, पण पत्र बाजूले ठेवूनच. पंचफुला तर रोज येते अन् विचारते, "आलं का वो त्या बाईचं काही नवं?" तिच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं, त्याचं तिले काही पडलं नाई.

अन् उष्टं खाल्लं तिनं. याचं मात्र मी विचार करून राहिली. उष्टं कोणी कोणाचं उगाच खात नाई. पण डुक्कर ते डुक्करच.

नऊ कलमं जगली हे शेखरले सांगतलं. सांजीले तो पानाच्या दुकानावर चारचौघायले सांगून राहिला होता म्हणते.

आता डागाचं. त्याले राखेशिवाय उपाय नाई. आमच्या मागच्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापते ना, तिच्यातली कपाशीच्या पऱ्हाटीची राख मी काढली, दोनदा चाळली, मंग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली. मैद्यावानी झाली. संगं नारळाची शेंडी दिली घासाले. पण भराची कशात? प्लास्टिकची पिशवी फुटीन, बरणी फुटीन. मंग तुह्या आजोबाचा तांब्याचा छोटा गडवा होता, त्यात ठासून भरली. तोंडाले कापड पाहिजे म्हणून सत्यनारायणाचं लाल कापड उरलं होतं ते बांधलं, वरून नाडा गच्च गुंडाळला. एक कण सांडाचा नाई.

पाठवाले मी अन् पंचफुला एसटीनं अमरावतीले गेलो. मले पंच्याहत्तरच्या वरचं फुकट तिकीट, तिले अर्धं. सारा रस्ता ते भांडत आली की ते माह्यापेक्षा मोठी हाये, कागद चुकला हाये. मोठ्या पोस्टात खिडकीवरच्या पोरीनं विचारलं, यात काय हाये? मी म्हटलं, भांडे घासाची पावडर, घरी केलेली. तिनं तसं इंग्रजीत लिहिलं अन् शिक्का मारला. मंग आमी दोघींनं रसवंतीवर रस पेला, गिलास मी माह्या समोर धुवून घेतला.

ओल्या शेंडीवर चिमूटभर घेजो, गोल घासजो. कप असा निघीन की तोंड दिसीन.

तुही आजी


२९ डिसेंबर २०२४

प्रिय आजी,

पार्सल मिळालं. घाईत लिहिते, परीक्षा आहे.

कप पांढरेशुभ्र झाले! रोज दोन-दोन घासले. गडवा मी सिंकच्या खालच्या कपाटात, मागच्या कोपऱ्यात ठेवला आहे. काल हेल्गाबाईंनी कप उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "रागिणी, हे तू केलंस?" मी हो म्हटलं. "कशानं?" मी म्हटलं, भारतातली पावडर आहे. त्या हसल्या, शेजारच्या बाईंना बोलावून कप दाखवला. आजी, तीन महिन्यांत त्या पहिल्यांदा हसल्या असतील.

रोज सगळी भांडी धुते ते त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं फक्त डाग काढले.

तुझी,
रागिणी


अंजनगाव सुर्जी
१८ जानेवारी २०२५

चि. रागिणीले आशीर्वाद.

हसली ना? सांगतलं होतं मी! साऱ्या गल्लीत सांगून आली की जर्मनीत आपल्या चुलीच्या राखेनं भांडी निघून राहिली. किसनराव म्हणते, फॅक्टरी काढा माणिकबाई, नांदगाव पेठेत जागा घ्या. त्याच्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता, बोलतांनी माह्या पदरावर उडाला. शी! दोन पाण्यानं धुतला तरी मले तो पदर नकोसा झाला.

राख संपली की कळव. अन् त्या चीजचं पुढं काय झालं ते तू लिहिलंच नाई. मोज्याचा वास येते ते. मी अन् पंचफुला वाट पाहून राहिलो.

तुही आजी


४ फेब्रुवारी २०२५

आजी,

बाबांना हे पत्र दाखवू नको. आईला पण नको.

तांब्याच्या गडव्यात राख भरून, तोंडाला लाल कापड बांधून कोणी पाठवतं का? पार्सल उघडलं तेव्हा मीच दोन पावलं मागे सरकले होते. आजोबांच्या अस्थी आपण अशाच नेल्या होत्या ना? मी तेव्हा तुला लिहिलं नाही, हसून सोडून दिलं. ते चुकलं.

मागच्या मंगळवारी सिंकखालचा पाइप गळायला लागला म्हणून हेल्गाबाईंनी कपाट रिकामं केलं. गडवा सापडला. शेजारच्या बाईंनी भारतावरचा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला होता, त्यांनी एका नजरेत ओळखलं. मी कॉलेजातून आले तर दोघी टेबलापाशी उभ्या, मध्ये गडवा, आणि हेल्गाबाईंचा चेहरा भिंतीसारखा. त्यांनी विचारलं, "हे कोण आहे?" काय आहे असं नाही आजी. कोण आहे. त्या सकाळपासून दोनदा ओकल्या होत्या. सव्वा महिना माणसाच्या राखेनं घासलेल्या कपातून कॉफी पिऊन राहिलो असं त्यांना वाटलं.

मी रडत रडत सगळं सांगितलं. चूल, पऱ्हाटी, धोतराचं फडकं. तुझं पत्र काढून वाचून दाखवलं, भाषांतर करून. शेजारीण हसायला लागली. हेल्गाबाई पण खुर्चीवर बसल्या, पाणी प्याल्या. मला वाटलं मिटलं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "पण कप तर मी रोज धुते. पुन्हा का घासायचे?"

मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, फक्त कप नाही, नोव्हेंबरपासून मी रोज सगळीच भांडी पुन्हा धुते. तुम्ही फिरायला गेल्यावर.

 त्या उठल्या, मांडणीतल्या बाराही ताटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजच्या ऑफिसला कळवलं की या मुलीला मी ठेवू शकत नाही. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. ऑफिस म्हणतं, वर्षाच्या मध्ये दुसरं घर नाही, आणि या योजनेत घर नसेल तर परत जावं लागतं. म्हणजे वर्ष गेलं. कलमं, परीक्षा, सगळं.

आम्ही आता एका टेबलावर जेवत नाही. त्या आपली ताटली स्वतः धुतात, मी माझी.

रागिणी


अंजनगाव सुर्जी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रागिणीले आशीर्वाद.

पोस्टानं पोहोचाले वेळ नाई म्हणून पंचफुलाच्या सुनेच्या मोबाईलवर या कागदायचे फोटो काढून पाठवून राहिली. सुनेनं शपथ घेतली की वाचणार नाई. वाचून राहिली हाये, दिसून राहिलं मले.

चूक माही. गडवा बी माहा, शिकवण बी माही. खालचं त्या बाईसाठी हाये. तिच्या भाषेत वाचून दाखव. जसं हाये तसं. एक शब्द गोड केला तर मले समजीन.

हेल्गाबाई, नमस्कार.

मी माणिकबाई वामनराव, रागिणीची आजी. ज्या राखेनं तुमाले ओकारी आली ते आमच्या कपाशीच्या काड्यायची हाये. माह्या नवऱ्याची राख आमी नदीत सोडली, त्याले बारा वर्षं झाली. घाबरू नका. पण लाल कापड बांधाचं नव्हतं, हे मी कबूल करते. त्या वक्ताले माह्या डोक्यात फक्त सांडाचं होतं.

भांडी दुसऱ्यांदा धुवाले मीच सांगतलं. लपून धू, हेबी मीच. कारण तुमची धुवाची रीत वाचून मले किळस आली. अजूनबी येते. खोटं कायले बोलू. कुत्र्याची तर येतेच, त्या कच्च्या खिम्याची येते, अन् बाहीतल्या रुमालाची सगळ्यात जास्त येते. पण तुमी तिचा उष्टा पाव खाल्ला, तवापासून मले तुमाले एक गोष्ट सांगाची होती. घरात कोणाले सांगतली नाई.

मी पंधरा वर्षांची होती, बार्शीटाकळीहून लग्न होऊन इथं आली. माही सासू दुर्गाबाई दातायले तंबाखूची मिश्री लावे. बोट तोंडात, बोट काळं, अन् लुगड्याले पुसून त्याच हातानं भाकरीचं पीठ मळे. मी पाहे अन् तोंड फिरवे. आठ दिवस मी भाकर पदरात लपवून गोठ्यात म्हशीले घातली अन् कच्चे शेंगदाणे खाऊन राहिली. नवव्या दिवशी सासूनं पाहिलं. मी म्हशीपुढं उभी, हातात भाकर. मले वाटलं आता मारते.

तिनं मारलं नाई. घरात गेली, साबण घेऊन हात धुतले, परत आली अन् दोन्ही हात माह्यापुढं धरले. वरून, खालून. मंग पीठ मळाले बसली. तवापासून ते मरेपर्यंत, एकतीस वर्षं, पीठ मळाच्या आधी ते रोज माह्यापुढं हात धरे. मी मान हालवली की मळे. म्हातारी झाली, दिसेनासं झालं, तरी धरे. एकतीस वर्षांत मी एकदाबी म्हटलं नाई की आत्याबाई, राहू द्या, मी खाते. म्हणावं असं लगीत वाटे, रोज वाटे. तोंडातून निघे नाई. किळस माही खरी होती, पण ते हात पाहून मले माहीच लाज वाटे.

म्हणून सांगते. तुमी माह्या सासूवानी आमच्या पोरीले हात दाखवू नका. तिनं लपून धुतलं, ते वाईट केलं. तुमच्या तोंडावर म्हणाची होती की बाई, मले साबणाचं जेववत नाई, मी विसळते. तुमाले राग आला असता, पण अपमान झाला नसता. तिले घरात ठेवा. तुमाले तिची काही घाण वाटत असन तर तुमी बी तोंडावर सांगा. तुमी पाच महिने काही बोलल्या नाई, म्हणजे तुमी बी लपूनच काही ना काही पुन्हा धुऊन राहिल्या असान. हे मले कोणी सांगतलं नाई, पण मी घर चालवलेली बाई हाव.

माणिकबाई


२० फेब्रुवारी २०२५

आजी,

तुझं सगळं वाचून दाखवलं. रुमालाचं पण. त्या वाक्याला मी थांबले तर म्हणाल्या, "वाच." सासूच्या हातांचं वाचताना त्यांनी चष्मा काढला. मग दोन दिवस त्या आपल्या खोलीत बसून लिहीत होत्या. आज सकाळी त्यांनी मला हा कागद दिला. मी तसाच मराठीत करून पाठवते, तुझ्यासारखंच, काही गोड न करता.

"श्रीमती माणिकबाई,

तुम्ही बरोबर ओळखलंत. तुमची नात कॉलेजला गेली की मी बाथरूमची फरशी पुन्हा पुसते, कारण ती आंघोळ करते तेव्हा तिथे तळं होतं आणि मी एकदा घसरून पडले आहे. उशीचा अभ्रा मी दर तीन दिवसांनी उकळते, कारण त्यावर तिच्या डोक्याचं तेल असतं. सोफ्यावरही आहे, ते निघत नाही. मोरीच्या जाळीतून मी तिचे केस काढते, ते माझ्या कुत्र्यापेक्षा जास्त असतात. रोज सकाळी ती जीभ घासून जो आवाज काढते, तो पहिल्या दिवशी ऐकून मी डॉक्टरला फोन लावत होते. पाच महिन्यांपासून मी माझी कॉफी तो आवाज थांबेपर्यंत पीत नाही. ती हातानं खाते आणि बोटं चाटते. ओला टॉवेल लाकडी खुर्चीवर टाकते. धुतलेले आणि न धुतलेले कपडे एकाच ढिगात, त्याच खुर्चीवर. घडी घालणं तिला माहीत नसावं. वाहत्या नळाखाली एक ताटली धुवायला ती बादलीभर पाणी घालवते, हे मला सगळ्यात किळसवाणं वाटतं. तुमच्या गावी पाणी इतकं आहे का?

आणि एक. माझे पती कार्ल यांचा कोट स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला आहे. त्याला दोन वर्षं त्यांच्या तंबाखूचा वास होता. नोव्हेंबरपासून त्याला तुमच्या मोहरीच्या फोडणीचा वास येतो.

मी कोणाला हात दाखवत नाही. पण मी ऑफिसला आज कळवलं आहे की ती जुलैपर्यंत राहू शकते. भांडी तिनं माझ्यासमोर विसळावी, टबमध्ये साध्या पाण्यात, नळाखाली नव्हे. ब्रूनोची ताटली वेगळी केली आहे.

हेल्गा"

आजी, म्हणजे राहायला मिळालं. पण मलाच आता राहावंसं वाटत नाही. त्या रोज माझे केस काढत होत्या, माझा आवाज ऐकत होत्या, आणि समोर बसून "गुड मॉर्निंग" म्हणत होत्या. माझ्या अंगाचीच त्यांना किळस येते. त्यांच्यापुढे मी आता जेवू कशी? सकाळी दात घासायला पण भीती वाटते. मी बॅग भरून ठेवली आहे. बाबा तिकीट काढतील. ऑफिसला मी पुढच्या शुक्रवारपर्यंत नाही म्हणू शकते. तूच म्हण, मी काय चुकीचं बोलून राहिले?

रागिणी


अंजनगाव सुर्जी
२२ फेब्रुवारी २०२५

चि. रागिणीले आशीर्वाद.

पंचफुलाची सून अंगणात मोबाईल घेऊन उभी हाये, लवकर लिहा म्हणते, म्हणून शेंडा-बुडखा न पाहता लिहून राहिली.

हेल्गाबाईचं पत्र मी चारदा वाचलं. अशी बाई मले साऱ्या अंजनगावात भेटली नाई. पंचफुलाले वाचून दाखवलं तर ते म्हणाली, "माणिक, हे तर तूच लिहिलं वाटते." केस! मी तुले बारा वर्षांची होती तवापासून सांगून राहिली की न्हाणीतले केस उचलत जाय. उचलले का? ओला टॉवेल गादीवर टाकाची सवय तुह्या बापाची, तेच तू उचलली. बोटं चाटाची गोष्ट तर मले खाली मान घालाले लावून गेली. पाचही बोटं बुडवून कोण खाते वो? तेलाचं बी खरं हाये. इतकं थापाचं नसते. जीभ घासाचं मात्र मी तिचं ऐकणार नाई. घासाची. पण दार लावून, नळ न सोडता, अन् ते कुत्रा फिरवाले गेली की. त्या वेळात तुले आता दुसरं काम नाई.

पाण्याचं तिले सांग, आमच्याकडं नळ चौथ्या दिवशी येते, तोबी पाऊण तास. अन् मी तरीबी विसळते. पण लोट्यानं. नळ सोडून आम्ही कधी विसळलं? हे तू तिथं शिकली, फुकटचं पाणी पाहून. याची मलेबी किळस आली.

कोटाचं वाचलं. फोडणी आजपासून बंद. खावी वाटली तर मागच्या अंगणात कर नाईतर उकडून खाय. तिले विचार, अन् ते हो म्हणाली तर तो कोट तिच्या खोलीत न्या, सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाई. आता त्याले जो वास हाये तो जाईन का नाई मले माहीत नाई. पण आणखी मोहरी नको.

आता तुहं. ते तुह्या अंगाची किळस करते म्हणते. करते ना. तिची तू करते. पण तिनं पाच महिने तुह्या उशीचा अभ्रा उकळला, तुही उशी काढून घेतली नाई. फरशी पुसली, तुले आंघोळ बंद केली नाई. माह्या सासूनंबी मले घरी धाडली नव्हती. जिले तुही खरंच शिसारी असती तिनं ऑक्टोबरातच हाकललं असतं. तिनं हाकलाचं ठरवलं ते भांड्यायच्या अपमानानं, अन् तेबी मागं घेतलं. एवढं लिहाले तिले दोन दिवस लागले. मले एकतीस वर्षांत जमलं नाई.

तू परत आली तर मी फाटकापर्यंत पळत येईन, हे तुले माहीत हाये, म्हणूनच तू मले विचारून राहिली. नाई. शेखर तिकीट काढणार नाई. मी त्याले आज सकाळी सगळं वाचून दाखवलं, कुत्र्यापासून कोटापर्यंत. तो लालबुंद झाला, दोनदा उठला, दोनदा बसला. मंग म्हणते, "जुलैपर्यंत कलमं किती व्हतीन?" मी म्हटलं, विचारून सांगते.

आज संध्याकाळी तिच्यासमोर बसून जेव. बोटं दोनच पेरं बुडली पाहिजे. जेवण झालं की टबात विसळ, तिले पुसू दे. ते काही बोलली तर ऐक, तुले काही वाटलं तर बोल. अन् तिनं जे नवं सांगतलं ते मले लिही, माह्याकडूनबी तिले विचाराचं लगीत हाये.

बॅग उघड. कपडे कपाटात ठेव. घड्या घालून ठेव, ते बाई पाहून राहिली.

तुही आजी